मोटारीतील ध्वनिवर्धक : बिघाड आणि तपास

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारणे शोधण्याच्या पद्धती सांगितल्या. आपण त्या परीक्षेपुरत्या पाठ करतो. पण मोटारीतील ध्वनिवर्धक, म्हणजे गॅरेजवाल्यांचा ‘अँप्लिफायर’, बंद पडला की त्यांच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. तेव्हा कला शाखेच्या वार्षिकात हा विषय अगदीच परका ठरू नये.

आधी रचना पाहू. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असता दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो. एवढ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला साध्या जोडणीत ६-७ वॅट आणि दुहेरी, म्हणजे ‘ब्रिज’ जोडणीत फार तर २५ वॅट मिळतात. अधिक हवे तर दाबच वाढवला पाहिजे. म्हणून पेटीचा पहिला भाग बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि कंकणाकृती ट्रान्सफॉर्मरमधून चढवून धन व ऋण असे २५ ते ३५ व्होल्ट तयार करतो. दुसरा भाग त्या दाबावर गाण्याचा संकेत वाढवतो.

पेटी मात्र लगेच उघडू नये. बाहेर तीन तारा येतात : बॅटरीची, बॉडीची आणि ‘रिमोट’ची. रेडिओ चालू झाला की या तिसरीत १२ व्होल्ट येतात आणि ध्वनिवर्धक जागा होतो. तिन्ही ठिकाणी मल्टिमीटर लावावा, आणि तोही ध्वनिवर्धक चालू स्थितीत असताना. रंगावरच आवळलेला बॉडीचा स्क्रू बिनभाराच्या मापनात निर्दोष दिसतो, भार येताच दगा देतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर प्रश्न गंभीर आहे. अशा वेळी फ्यूजच्या जागी जाड तार बसवणारे महाभाग आहेत. तार वितळत नाही हे खरे, पण मग तिच्याऐवजी गालिच्याखालून गेलेली वायर तापते आणि गाडीला आग लागू शकते. त्यापेक्षा २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब बॅटरीच्या तारेत मालिकेत जोडावा. निरोगी ध्वनिवर्धकात तो क्षणभर चमकून मंदावतो. पूर्ण तेजाने जळत राहिला, तर आत शॉर्ट आहे. आता रिमोटची तार सोडवावी. तरीही बल्ब जळत असेल, तर दोष पहिल्या भागात : तेथील मॉसफेट किंवा उलट जोडणीपासून रक्षण करणारा डायोड. रिमोट जोडल्यावरच जळत असेल, तर संशय दुसऱ्या भागातील ट्रान्झिस्टरांवर. बाकी परिस्थिती तीच, फरक एकाच गोष्टीचा. मिलची व्यतिरेक-पद्धती याहून वेगळी नाही.

मॉसफेट समांतर जोडलेले असल्यामुळे एक शॉर्ट झाला की मीटरवर सारेच शॉर्ट दिसतात. खरा गुन्हेगार कळण्यासाठी ते सोडवून एकेकटे तपासावे लागतात. बदलताना मात्र सगळा संच बदलावा आणि गेटचे रोधही पाहावेत. ट्रान्झिस्टर व धातूची पेटी यांच्यामधला अभ्रकाचा पापुद्रा विसरला किंवा फाटला, तर नवा मालही पहिल्याच मिनिटाला जातो.

‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा लागला, तर स्पीकरच्या व संकेताच्या सर्व तारा काढाव्यात. दिवा विझला, म्हणजे दोष बाहेर आहे. बहुधा दाराच्या बिजागरीत चेपलेली तार. एकच बाजू मुकी असेल, तर डाव्या-उजव्या संकेताच्या तारा अदलाबदल कराव्यात. मुकेपणा बाजू बदलतो की नाही, यावरून दोष ध्वनिवर्धकाच्या आधी की नंतर, हे ठरते. आणि इंजिनच्या वेगाबरोबर शिट्टी चढत-उतरत असेल, तर ती सहपरिवर्तनाची रीत झाली : कारण ऑल्टरनेटरपाशी, आणि वाट बहुधा बॉडीच्या सैल जोडणीची.

दुरुस्तीनंतर स्पीकर लगेच जोडू नये. प्रथम बल्ब ठेवूनच चालू करावे. मग गाणे न लावता स्पीकरच्या टोकांवर एकदिश दाब मोजावा. तो काही दशांश नव्हे, काही शतांश व्होल्टच असला पाहिजे. दोन-चार व्होल्ट दिसले तर स्पीकरचे वेटोळे जळू शकते. माप ठीक आले की बल्ब काढून कंपनीने सांगितलेल्या क्षमतेचाच फ्यूज घालावा, दहा मिनिटे मंद आवाजात वाजवावे आणि पेटी कोठे अधिक तापते, ते हाताने पाहावे.