रेझिलियन्स : एसओएमच्या पुस्तकाबाहेरचा

एसओएमच्या पेपरसाठी रेझिलियन्सची व्याख्या आपण सगळ्यांनी पाठ केली आहे. इलॅस्टिक लिमिटच्या आत मटेरियल जी ऊर्जा साठवतं आणि लोड काढल्यावर परत देतं, ती. मानसशास्त्रातही हाच शब्द आहे, फक्त तिथे सळईच्या जागी माणूस असतो.

आग, अपघात, भूकंप अशा ठिकाणी सगळ्यात आधी पोचतात ते फायरमन, पोलीस, ॲम्ब्युलन्सवाले. काम संपतं, पण त्यांच्यातल्या काहींच्या डोक्यातून ते दृश्य जात नाही. झोप उडते, छोट्या आवाजाने दचकायला होतं, त्या रस्त्याने जाणंसुद्धा टाळलं जातं. हे महिन्याहून जास्त चाललं आणि रोजचं जगणं अडू लागलं तर त्याला पीटीएसडी म्हणतात. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी हा आजार आपल्या अधिकृत यादीत घेतला.

पण एकाच ठिकाणी काम केलेल्या सगळ्यांना तो का होत नाही? याचं चांगलं उत्तर न्यूयॉर्कमधून मिळतं. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन्ही टॉवर कोसळले. शहराच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण त्या दिवशी गेले. पुढे कित्येक महिने ढिगारा उपसण्याचं काम चाललं. तिथे राबलेल्या सुमारे २९ हजार लोकांना दोन-तीन वर्षांनी प्रश्न विचारले गेले आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. एकूण १२.४ टक्के लोकांमध्ये पीटीएसडीची लक्षणं होती. पोलिसांमध्ये ६.२ टक्के, आणि कुठल्याही संस्थेतर्फे न येता आपणहून धावून आलेल्यांमध्ये २१.२ टक्के!

आता आपल्या कामाची गोष्ट. जास्त धोका असलेल्यांत या स्वयंसेवकांबरोबर सफाई कामगार होते, आणि बांधकाम व इंजिनिअरिंगवालेसुद्धा. जे लवकर पोचले आणि जास्त दिवस राहिले, त्यांना बहुतेक गटांत त्रास जास्त. त्यातही जे आपलं नेहमीचं नव्हे ते काम करत होते, त्यांना दिवस वाढत गेले तसा त्रास अधिकच जडला. क्रेन चालवणारा माणूस क्रेनच चालवायला आला होता, मृतदेह शोधायची तयारी त्याची कोणी करून घेतली नव्हती. पोलिसांचा आकडा कमी आहे त्यात ट्रेनिंगचा वाटा असावा. अर्थात, पोलीस त्रास कबूल करायला कचरतात हेही कारण असू शकतं असं मला वाटतं.

म्हणून एनएसएसतर्फे मदतीला जाणाऱ्यांना आधीच सांगायला हवं की तिथे काय दिसेल, काम कोणतं आणि पाळी किती तासांची. 'मर्द आहेस ना, थांब अजून' हे बंद.

परत आल्यावर काय? सगळ्यांना गोल बसवून 'सांगा, काय काय पाहिलंत' असं एकदाच बोलायला लावणं फायद्याचं ठरत नाही, हे अभ्यासांत दिसलंय. याउलट, जवळच्या माणसांचा आधार नसणं हा घटनेनंतरचा मोठा धोका आहे. तेव्हा रूममेटने जेवायला हाक मारावी, त्याला बोलायचं असेल तेव्हा ऐकावं, नसेल तर खोदून विचारू नये. एकटं मात्र सोडू नये.

एसओएमची उपमा इथे तुटते. यील्ड झालेली सळई लोड काढल्यावर पूर्ववत होत नाही, माणूस उपचारांनी सावरू शकतो. महिना उलटूनही झोप येत नसेल तर सरळ सायकिॲट्रिस्टकडे जावं. ते अवघड वाटलं तर टेली मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं.