आवळण्याआधी पूस

भाचेबुवा,

तुझी आई सांगत होती, तू जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतलीस आणि आता रोज सकाळी पार्किंगमध्ये उकिडवा बसून फरशीवरचे हिरवे डाग बघतोस. गाडी घेतलीस ते फार बरं केलंस. २००१ मध्ये आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यातून ऑक्टाव्हिया बाहेर पडायला लागली, तेव्हा जालना रोडवर ती दिसली की लोक मान वळवून बघायचे. २००४ ची आरएस तर १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती घेऊन आली. त्या काळात आपल्याकडे अशी गाडी म्हणजे मोठंच अप्रूप होतं. आज तिला वीसहून जास्त वर्षं झाली आहेत. एवढ्या वर्षांत रबर कडक होतं आणि वॉशर दबून सपाट होतात, लोखंड मात्र शाबूत असतं. तेव्हा पॉवर स्टिअरिंगचं तेल गळतंय म्हणून गाडी काढून टाकायचा विचार डोक्यातून काढ आणि "पूर्ण स्टिअरिंग रॅक बदलावा लागेल" असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नकोस. आधी जोड बघायचे.

हे जोड मोजकेच आहेत. स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीतून पंपाकडे जाणारी जाड नळी, पंपातून जोरानं निघणारी दाबाची नळी, तिचं रॅकवरचं टोक आणि रॅकमधून टाकीकडे परत येणारी नळी. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं की दाबाच्या नळीत शंभर बारच्या आसपास दाब चढतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या चाळीसपटीहून जास्त. एवढा दाब एका पातळ वॉशरनं अडवलेला असतो. म्हणून या कामात ताकदीपेक्षा स्वच्छतेला मान आहे. आता एकेक सांगतो, घाई करू नकोस.

१. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा घाल आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेननं काढून ठेव — सकाळी डाग कुठे पडला आणि कोणत्या रंगाचा, हे पुठ्ठाच सांगतो.

२. रंग ओळखायला शीक. हिरवं आणि पातळ ते स्टिअरिंगचं, गुलाबी-जांभळं ते कूलंट, काळपट ते इंजिनाचं, आणि नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, ते सोडून दे. फिकट पिवळं आणि पातळ दिसलं तर ब्रेकचं समज आणि गाडी जागची हलवू नकोस — स्टिअरिंग जड झालं तर गाडी कशीबशी घरी येते, ब्रेक गेला तर येत नाही.

३. सगळ्यात खालच्या थेंबावर विश्वास ठेवू नकोस, ओलाव्याची सगळ्यात वरची कड शोध — तेल नळीवरून ओघळत येतं, चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो आणि बिचाऱ्या रॅकवर आळ येतो. ओल खाली दिसते, चूक वर असते.

४. इंजिन गार असताना सगळे जोड ब्रेक क्लीनर आणि सुती फडक्यानं लख्ख पूस. अल्टरनेटर आणि पट्टा आधी प्लास्टिकनं झाकून घे — पट्ट्याला तेल लागलं की तो घसरतो, आणि मग आवाजाचा दुसराच शोध सुरू होतो.

५. पुसून वाळलं की संशयाच्या जोडांवर टाल्कम पावडरचा पातळ थर उडव आणि गाडी पाच-दहा मिनिटं चालवून आण — पांढऱ्यावर हिरवी रेघ जिथून निघालेली दिसेल, तो तुझा जोड.

६. जोड सापडेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. पुसलं नाही त्यानं आवळू नये — चांगला बसलेला जोड विनाकारण पिळला की एकाचे दोन गळायला लागतात.

पुढची गोष्ट कानमंत्र म्हणून ऐकू नकोस, मामाचा हुकूम समज. इंजिन चालू असताना दाबाच्या नळीवर बोट फिरवून गळती चाचपायची नाही. केसाएवढ्या चिरेतून एवढ्या दाबानं निघालेलं तेल कातडीत शिरतं. बाहेर टोचल्यासारखा बारीक ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत मांस खराब होत जातं. असं कधी झालंच तर चोळत बसू नकोस, "उद्या बघू" म्हणू नकोस. तडक मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा आणि दाबाचं तेल आत गेलंय असं स्पष्ट सांग, कारण याला लगेच शस्त्रक्रिया लागते. चाचपायचं असेल तर लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांध. पुठ्ठा भिजला तरी चालतो.

७. गाडी उचलायची ती सिमेंटच्या कोब्यावर. तुमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत नको — आपली काळी माती वरून टणक दिसते आणि वजन आलं की जॅक एका बाजूनं खचतो. आणि नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही. जॅक उचलतो, स्टँड सांभाळतो.

८. गाडी चालवून आणल्यावर निदान दोन तास तिला हात लावू नकोस, उन्हाळ्यात तर संध्याकाळच धर. या इंजिनाचा टर्बो मागच्या बाजूला, आतल्या पत्र्याकडे तोंड करून बसलाय आणि रॅक त्याच्याच खाली आहे — रॅकच्या नळ्यांचं रबर सगळ्यात आधी कडक होतं ते या धगीनं, आणि तापलेल्या टर्बोवर तेल उडालं तर पेट घेतं.

९. उघडण्याआधी टाकीतलं तेल मोठ्या सिरिंजनं काढून घे आणि फोनवर चारही बाजूंनी फोटो काढ — नळी कुठल्या क्लिपमधून कशी वळली होती, हे संध्याकाळी कुणालाच आठवत नाही.

१०. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मार आणि सकाळी फ्लेअर नटाचाच पाना लाव. उघड्या तोंडाच्या पान्यानं झोंबू नकोस — नटाचे कोपरे एकदा गोल झाले की पाच मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

११. जिथे दोन षटकोन दिसतील तिथे दोन पाने लाव, एक धरायला, एक फिरवायला — नाहीतर नटाबरोबर नळीही पिळते आणि गळती जोडावरून नळीत जाते.

१२. जोड सुटला की लगेच दोन्ही तोंडं झाक, स्वच्छ बूच किंवा नवी प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड पुरे — वाळूचा एक कण रॅकच्या वाल्वमध्ये गेला तर स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं.

आता वॉशर. इथे जरा थांबू, कारण बहुतेकांची गळती इथेच मिटते. पंपावर दाबाची नळी ज्या बोल्टनं बसते त्याला बँजो बोल्ट म्हणतात. आतून पोकळ, बाजूला भोक, आणि नळीच्या टोकाला बांगडीसारखा डोळा. त्या डोळ्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन वॉशर असतात. जुना वॉशर काढलास की नखावर घे आणि उजेडात तिरका धर. त्यावर दाबाचं एक चकचकीत वर्तुळ उमटलेलं दिसेल. वर्तुळ सलग असेल तर वॉशर नीट बसला होता, गळती दुसरीकडे शोध. एका जागी ते तुटलेलं असेल, किंवा त्याला आडवा काळा ओरखडा असेल, तर तेल तिथूनच वाट काढत होतं. मग पंपावरची बसायची जागाही बोटानं चाचपून बघ, कारण तोच ओरखडा कधी कधी तिथेही असतो. तसं असेल तर नुसत्या नव्या वॉशरनं काही होणार नाही.

१३. दोन्ही वॉशर नवेच घाल, त्याच मापाचे आणि त्याच धातूचे — दबलेला वॉशर दुसऱ्यांदा दबत नाही. तांब्याचा वॉशर लाल तापवून मऊ करता येतो हे खरं, पण नवा इतका स्वस्त मिळत असताना तो खटाटोप कशाला? वॉशर वाचवला त्यानं पंप भिजवला.

१४. आट्यांवर नळकामाची टेफ्लॉन टेप नको, एम-सील नको, सिलिकॉन तर मुळीच नको — हे जोड आट्यांवर बंद होतच नाहीत, ते बसायच्या जागेवर, वॉशरवर किंवा ओ-रिंगवर बंद होतात. टेपची सुटलेली चिंधी मात्र तेलाबरोबर थेट रॅकमध्ये जाते.

१५. ओ-रिंग तेलाला चालणाऱ्या नायट्राइल रबराची घे, आणि बसवताना तिला त्याच हिरव्या तेलाचं बोट लाव — पाण्याच्या नळाची रिंग मापाला बसली तरी तेलात फुगायची भीती असते, आणि कोरडी रिंग आवळताना कापली जाते.

१६. बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरव, अडला तर सोडून पुन्हा लाव — पंपाचं अंग ॲल्युमिनियमचं असेल तर पहिला वाकडा आटाच पंप वाया घालवतो.

१७. शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानं, गाडीच्या वर्कशॉप पुस्तकात त्या बोल्टला दिलेल्या आकड्याइतकंच — बँजो बोल्ट पोकळ असतो, जास्त जोर केला की मानेवर तुटतो आणि अर्धा आतच राहतो.

१८. परतीच्या नळीवर मुळात स्प्रिंगची क्लिप असते, तीच किंवा तशीच नवी लाव — ती रबराबरोबर सैल-घट्ट होत राहते. स्क्रूची क्लिप पिळून पिळून जुन्या रबरात रुतते. टोक कडक झालेलं असेल आणि नळीत पुरेशी ढील असेल, तर नळीचं टोक बोटभर कापून पुन्हा बसव, नाहीतर तेलाची नवीन नळी घाल.

१९. दाबाची नळी क्रिम्पजवळ, म्हणजे रबरावर धातूचं टोक दाबून बसवलेलं असतं तिथे, झिरपत असेल तर वरून क्लिप लावून काही होत नाही, ती नव्यानं क्रिम्पच करावी लागते. आपल्याला त्याची ददात नाही. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीला यंत्रांच्या होज रोज लागतात, ते काम करणारे हात गावातच आहेत. जुनी नळी अख्खी घेऊन जा आणि तोडण्याआधी दोन्ही टोकांच्या कोनांवर खूण करून घे — टोक थोडं जरी फिरून क्रिम्प झालं तरी नळी बसवताना पीळ खाते आणि वर्षभरात तिथेच गळते. नव्या होजवर छापलेला दाबाचा आकडा स्वतः वाच.

२०. तेल हिरवंच. डब्यावर जी ००२ ००० किंवा त्याच्या जागी आलेला जी ००४ ००० हा नंबर बघ. पेंटोसिन सीएचएफ ११ एस हेही याच जातीचं. लाल तेल कितीही स्वस्त मिळालं तरी यात घालू नकोस, टॉप-अपपुरतंही नको — ही गाडी हिरव्याची, दोन्ही मिसळली की फेस होतो आणि सील बिघडतात.

२१. हवा काढताना पुढची चाकं स्टँडवर अधांतरी ठेव. इंजिन बंद ठेवून टाकी भर आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश दहा वेळा फिरव, मध्ये मध्ये तेल घालत राहा. मग इंजिन सुरू करून पुन्हा तेवढंच. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नकोस — तिथे पंप पूर्ण दाबावर अडकलेला असतो आणि तेल पटकन तापतं.

२२. टाकीत फेस दिसतोय, घुरघुर येतेय आणि खाली थेंब मात्र नाही, असं असेल तर टाकीकडून पंपाकडे जाणारी नळी बघ — त्या बाजूला ओढ असते, तिथली फट तेल सोडण्याऐवजी हवा आत घेते.

२३. एवढं करून पातळी उतरतच राहिली तर रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघ. आत तेल खळखळलं तर रॅकची आतली सील गेली — मग जोडांशी भांडण संपलं, रॅक उघडणाऱ्या जाणत्या माणसाकडे जायचं.

२४. काढलेलं तेल बाटलीत भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे दे, नाल्यात ओतू नकोस — आपले नाले खाम नदीला मिळतात, आणि ती नदी स्वच्छ करायला गावानं आत्ता कुठे कंबर कसली आहे.

काम झालं की लगेच लांब जाऊ नकोस. आधी कॉलनीत दोन चकरा, मग पुठ्ठा. पुठ्ठा कोरडा निघाला की एका पहाटे दौलताबादवरून खुलताबादचा घाट चढून ये. वळणांवर स्टिअरिंग दोन्हीकडे सारखंच हलकं आलं पाहिजे. परत आल्यावर गाडी गार होऊ दे, मग सपाट जागी चाकं सरळ ठेवून झाकणाच्या काडीवर पातळी बघ आणि पुसलेल्या प्रत्येक जोडावरून पांढरं फडकं फिरव. महिन्याभरानं हेच पुन्हा. या वयाच्या गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी आरटीओत नव्यानं करावी लागते. तिथे गाडी खालून कोरडी दिसलेली चांगली.

स्टँडची जोडी आणि फ्लेअर नटाचा पाना माझ्याकडे आहे, विकत घेऊ नकोस. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत गाडी घेऊन ये. वॉशर मात्र येताना नवे आण, दोन जास्तीचे.

— तुझा मामा