राखीचा धागा

श्रावणी पौर्णिमेला कोकणच्या किनाऱ्यावर कोळी बांधव सागराला नारळ अर्पण करतात. घराघरांतून नारळीभाताचा सुवास दरवळतो. भाऊ पाटावर बसतो. बहीण त्याला कुंकुमतिलक लावून ओवाळते व त्याच्या मनगटावर राखी बांधते. भाऊ तबकात ओवाळणी घालतो.

राखी म्हणजे सुताचा किंवा रेशमाचा साधा धागा. ओढला तर सहज तुटेल असा! मग त्याचे एवढे मोल का? कारण त्या धाग्यात वचन गुंफलेले असते. बहीण भावाचे कल्याण चिंतिते आणि भाऊ तिच्या पाठीशी उभे राहण्याचे वचन देतो. सख्खा भाऊ नसेल, तर राखी बांधून भाऊ मानता येतो. रक्ताने न जुळलेले नाते वचनाने जुळते.

याची प्रचीती १९०५ साली बंगालमध्ये आली. त्या वर्षी इंग्रज सरकारने बंगालची फाळणी केली. १६ ऑक्टोबर रोजी ती अमलात आली. तो दिवस श्रावणी पौर्णिमेचा नव्हता. तरीही त्या दिवशी सर्वांनी एकमेकांना राख्या बांधाव्यात, असे आवाहन रवींद्रनाथ ठाकूर यांनी केले होते. प्रांत दुभंगला, तरी मने दुभंगू नयेत, हा त्यांचा हेतू होता.

त्या दिवशी कलकत्त्यात गंगास्नान करून रवींद्रनाथ पायी परतत होते. वाटेत एका तबेल्यापाशी काही मुसलमान मोतद्दार घोड्यांची निगा राखीत होते. रवींद्रनाथांनी पुढे होऊन त्यांना राख्या बांधल्या. त्यांचे पुतणे अवनींद्रनाथ मनात चरकले. आता मारामारी होणार, असे त्यांना वाटले. पण रवींद्रनाथांनी त्या चकित झालेल्या मोतद्दारांना आलिंगन दिले! पुढे ते चितपूरच्या मशिदीकडे वळताच अवनींद्रनाथांनी भीतीने घरची वाट धरली. मशिदीतील मौलवींनी मात्र हसतमुखाने राखी बांधून घेतली.

१९११ साली ही फाळणी रद्द करण्याची घोषणा झाली. परंतु १९४७ साली बंगालचे पुन्हा दोन भाग झाले. राखी बांधणे सोपे असते. तिच्यातील वचन पाळणे अवघड असते. धागा चार दिवसांत विरतो. वचन मात्र वर्षभर जपावे लागते.

शब्दार्थ : प्रचीती – अनुभव, मोतद्दार – घोड्यांची देखभाल करणारा नोकर, आलिंगन – मिठी.

स्वाध्याय
१. राखीच्या साध्या धाग्याला एवढे मोल का आहे?
२. अवनींद्रनाथांना कशाची भीती वाटली? ती खरी ठरली का?
३. ‘वचन वर्षभर जपावे लागते’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.