अंड्यातील डोळा पारदर्शक कसा होतो?

खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यातून एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर पडते आणि थोड्याच वेळात दाणे टिपू लागते. त्याच्या डोळ्याचा पुढचा पडदा तोवर काचेसारखा स्वच्छ झालेला असतो. या पडद्यास ‘पारपटल’ म्हणतात. आपल्या बुबुळापुढेही असाच पडदा असतो.

पारपटल मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते. कातडे आणि डोळ्याचा पांढरा भाग, श्वेतपटल, हेही त्याच प्रथिनाचे. मग एक पांढरा व दुसरा पारदर्शक का? डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ साली याचा उलगडा केला. पारपटलातील तंतू सारख्याच जाडीचे व सारख्याच अंतरावर असल्याने बाजूस विखुरणारा प्रकाश आपोआप नाहीसा होतो व सरळ जाणारा तेवढा उरतो. एका मिलीमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील सुमारे २५ भागांइतकी कोंबडीतील तंतूची जाडी भरते. श्वेतपटलात मात्र जाड-बारीक तंतूंची गुंतागुंत असते.

ही शिस्त अंड्यातच लागते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भिंगावरील त्वचेच्या पेशी कोलॅजेन स्रवू लागतात. खाटेच्या विणीप्रमाणे एका थरातील तंतू उभे, तर पुढच्या थरातील आडवे पडतात. सहाव्या दिवसाच्या आसपास हा पापुद्रा पाणी शोषून फुगतो आणि कडेच्या पेशी त्यात शिरतात. पहिल्या विणीच्या नमुन्यावर त्या कायमचे तंतू रचतात. त्यांत पाचव्या प्रकारचे कोलॅजेन मिसळलेले असल्याने तंतू जाड होत नाहीत. चौदाव्या दिवसानंतर पाणी ओसरून पडदा आटतो व स्वच्छ होत जातो.

कोलॅजेन म्हणजे केवळ पेशींमधील भरताड, असा पूर्वी समज होता. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एलिझाबेथ हे व त्यांचे सहकारी मायर यांनी तो १९७४ साली खोडून काढला. कोंबडीच्या भ्रूणातील पारपटलाच्या वरच्या पेशी सोडवून त्यांनी निरनिराळ्या पृष्ठभागांवर वाढविल्या. नुसत्या गाळणीवर त्या मंदावल्या. कोलॅजेनवर ठेवताच जोमाने नवे कोलॅजेन तयार करू लागल्या. जिवंत भिंगाची गरज नव्हती, मारलेल्या भिंगाचे आवरणही पुरले! निर्जीव तंतू जिवंत पेशीला कामाला लावतात, हे त्यातून दिसले.

भाताची लोंबी वा उसाचे पाते लागून डोळ्यात ‘फूल’ पडते, त्याचे कारणही येथेच सापडते. खोल जखम भरताना पेशी तंतू तयार करतात खरे, पण ते जाड-बारीक व वेडेवाकडे पडतात. अंड्यातील ती मूळ वीण आता नसते. म्हणून व्रण पांढरा दिसतो. जुने दाट फूल औषधाच्या थेंबांनी विरत नाही, आणि घरगुती रस-चूर्ण घालण्याने इजाच वाढते. तेथे मृत व्यक्तीचे पारपटल बसवावे लागते. ते मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत काढून घ्यावयाचे असते. दात्यास चष्मा असला किंवा त्याचा मोतीबिंदू काढलेला असला, तरी सहसा अडचण येत नाही.