अंधेरीच्या आधी इतवारी

‘मला फॅशन स्टायलिस्ट व्हायचंय’ असं बारावीतली मुलगी म्हणाली की नागपुरातल्या घरात पहिला प्रश्न उठतो पगाराचा आणि दुसरा मुंबईत राहायच्या सोयीचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे देतोच. पण त्यांच्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: या मुलीला कापड वाचता येतं का? नटता येणं निराळं आणि कापड वाचता येणं निराळं. या धंद्यात पोट भरतं ते दुसऱ्यावर. डिझायनर कपडा घडवतो. स्टायलिस्ट तयार कपड्यांतून माणूस उभा करते: जाहिरातीतली बँकेची अधिकारी, मालिकेतली सासू, मुलाखतीला निघालेला नट. तिचा बराचसा दिवस कपडे मागवण्यात, मापं जुळवण्यात, टाचण्या आणि स्टीमरमध्ये जातो. कंटिन्युइटीसाठी फोटो काढून ठेवायचे आणि शूट संपल्यावर एकेक नग डाग न पडता परत पाठवायचा, हेही तिचंच काम. माझं म्हणणं असं की हा हमाली भाग मुंबई शिकवेल. वाचायची नजर मात्र घरून घेऊन जावी लागते, आणि ती कमावायला नागपूर फार चांगली जागा आहे.

याला मराठी मुलखातला सर्वात मोठा पुरावा भानू अथैया यांचा. १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये मुंबईला आल्या त्या चित्रकला शिकायला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या, १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. ‘ईव्ह्ज वीकली’ साप्ताहिकासाठी त्या फॅशनची रेखाटनं करत. त्या कामातूनच त्या कपडे बेतण्याकडे वळल्या आणि १९५६ च्या ‘सी. आय. डी.’पर्यंत पोचल्या. ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासली. ‘गांधी’ चित्रपटात तर बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा प्रवास म्हणजे अर्धी कथाच होती, आणि ती कपड्यांतून सांगायची होती. या कामासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. या सगळ्या वाटचालीत नव्या शहराने त्यांना संधी दिली, ओळखी दिल्या. पण रेषेची आणि रंगाची जाण चित्रकार वडिलांच्या घरात रुजलेली होती, ती त्या कोल्हापूरहून सोबत घेऊनच आल्या होत्या.

नागपूरच्या मुलांकडे असं काय आहे, असं कुणी विचारेल. विदर्भाचा कापूस जवळ म्हणून जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल इथे सुरू केली. गिरणी बंद पडली, पण इतवारी-गांधीबागेतल्या ठोक बाजारात आजही कापडाचा पोत बोटांनी ओळखणारी माणसं गादीवर बसलेली दिसतात. तासा-दीड तासाच्या अंतरावर भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगावला कोसा विणला जातो. करवतीच्या दातांसारख्या काठाची करवतकाठी तिथलीच. तिच्या काठाचा आणि अंगाचा बाणा वेगवेगळ्या धोट्यांनी एकमेकांत अडकवतात. हे मागावर एकदा पाहिलेल्या मुलीला खरा काठ आणि छापील काठ यांतला फरक कॅमेऱ्यासमोर कुणी सांगावा लागत नाही. आणि कपडा बोलतो म्हणजे काय, हे समजून घ्यायला दीक्षाभूमीसारखी जागा नाही. कोणी काय नेसावं यावरही ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या बंधनं लादली गेली, ती लाखो माणसं १४ ऑक्टोबर १९५६ रोजी पांढऱ्या वस्त्रांत इथे जमली. बाबासाहेबांचा सूट आणि तो पांढरा रंग यांचा अर्थ ज्याला उमगला, त्याला स्टायलिंगचा पाया उमगला.

म्हणूनच नव्या शहरात गेल्यावर मुलं पहिली जी चूक करतात तिची मला काळजी वाटते. आठवडाभरात जुने कपडे ट्रंकेत जातात आणि वांद्र्यात सगळे घालतात तेच अंगावर येतं. स्वतःचा पेहराव ही स्टायलिस्टची पहिली ओळख असते. ती इतरांसारखी झाली की लक्षात राहायला काही उरत नाही. सेटवर बारा तास उभं राहायचं तर साधे, खिसे असलेले कपडे आणि भक्कम बूटच हवेत, हे खरं. पण त्यावर आजीच्या लुगड्याचं एखादं जाकीट असलं तर चारजण थांबून विचारतील, आणि तिला त्या विणीबद्दल सांगण्यासारखं काही असेल.

आता पैशाचं. ‘एवढी जाण असेल तर पदवी कशाला?’ आणि ‘पदवीशिवाय कोण उभं करेल?’ अशी दोन्ही टोकं ऐकू येतात. निफ्टमध्ये स्टायलिंग फॅशन कम्युनिकेशन या चार वर्षांच्या पदवीत शिकवतात, मुंबईतलं केंद्र खारघरला आहे, कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना प्रवेश परीक्षा देता येते. मात्र चार वर्षांचं शुल्कच दहा लाखांच्या वर जातं. ते झेपत नसेल तर कर्ज काढून धावू नये. नागपुरातच शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, आणि चित्रकलेचा पाया या कामात वाया जात नाही हे वर दिसलंच. पदवी असो-नसो, सुरुवात असिस्टंट म्हणूनच होते. पैसे थोडे असतात, उशिरा मिळतात. मुंबईतल्या किमान वर्षभराच्या भाड्या-जेवणाची तरतूद हाती असल्याशिवाय निघणं मी चुकीचं मानतो.

मुलीच्या सुरक्षिततेची भीतीही खोटी नाही. पण नियम माहीत असणं हे तिचं बळ आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागेसाठी जिल्हा पातळीवर समिती असते. चित्रपटसृष्टीत स्त्रियांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड नाकारणारा संघटनेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला, त्याबरोबर महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्याची अटही. काम घेताना समिती कोण, कॉल टाईम काय, रात्री घरी सोडण्याची सोय कुणाची, हे मुलीने विचारावं आणि पालकांनी तिला विचारायला शिकवावं.

इतकं झाल्यावरही निर्णय होत नसेल तर या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या हाती पाच हजार रुपये द्या. ओळखीतली तीन माणसं निवडायची: एक साठीची, एक अंगाने स्थूल, एक नोकरीच्या मुलाखतीला जाणारी. इतवारी, सीताबर्डी आणि घरातली कपाटं धुंडाळून प्रत्येकाचे दोन पेहराव उभे करायचे, फोटो काढायचे, उसना आणलेला प्रत्येक नग धुऊन-इस्त्री करून परत द्यायचा आणि पै-पैचा हिशेब वहीत मांडायचा. मेच्या उन्हात हे सगळं उरकूनही ती चौथं माणूस शोधत असेल, तर शुल्काच्या आकड्यावर बोलायला बसा.