हिमगाडीची मागील स्प्रिंग आणि वजनदार स्वार

आमच्या किनाऱ्यावरच्या मुलाला बर्फ ठाऊक असतो तो मासळीच्या पेटीतला. आकाशातून भुरभुरणारे हिम त्याने बहुधा चित्रातच पाहिलेले असते. मराठीत आपण दोहोंनाही बर्फच म्हणतो. या लेखापुरते मात्र भुसभुशीत पडलेले ते हिम व गोठून टणक झालेले पाणी तो बर्फ, असा भेद आम्ही पाळणार आहोत. कारण ज्या वाहनाविषयी लिहावयाचे आहे, त्याला हा भेद चांगलाच कळतो.

ते वाहन म्हणजे हिमगाडी, अर्थात स्नोमोबिल. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्गला प्रवाशांना घेऊन ती धावते. परंतु तिचे खरे घर कॅनडा. क्वेबेक प्रांतातील वालकूर या गावी १९०७ साली जन्मलेल्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए या यंत्रज्ञाने तिच्यासाठी आयुष्य वेचले. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रस्ते हिमाखाली गाडले गेले होते आणि रुग्णालयापर्यंत नेण्यास साधन नव्हते, मूल दगावले. १९३७ साली दातेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याच्या योजनेचे पेटंट त्यांना मिळाले, आणि १९५९ साली एकदोघांनी बसावयाची छोटी ‘स्की-डू’ बाजारात आली. उत्तरेकडील कित्येक वस्त्यांत आजही शिकार, सरपण आणि आजाऱ्याची ने-आण या गाडीवरच होते. तेव्हा ती नीट वळते की नाही, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

या गाडीला पुढे स्की नावाच्या दोन घसरपट्ट्या असतात आणि मागे रबराचा रुंद फिरता पट्टा. स्की दिशा देतात, पट्टा ढकलतो. पट्ट्याच्या पोटात दोन लांब रूळ असतात व ते दोन भुजांनी गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असतात. पुढच्या भुजेजवळ मधली स्प्रिंग व शॉकअप. मागच्या भुजेजवळ मागचा शॉकअप आणि डावी-उजवीकडे पीळ घेणाऱ्या दोन जाड स्प्रिंगा. कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यातील स्प्रिंग आठवा. जात तीच, अंगाने मात्र दांडगी. तिचा लांब पाय रुळावरील एका कॅमवर टेकलेला असतो. कॅमच्या बाजू कमीअधिक उंचीच्या असतात. पान्याने तो फिरवला की स्प्रिंगेला आधीच थोडा अधिक पीळ बसतो. या आधीच दिलेल्या ताणाला आम्ही पूर्वताण म्हणू.

कारखान्यातून गाडी निघते ती सर्वसाधारण वजनाचा स्वार गृहीत धरून. प्रत्यक्षात एखादा धिप्पाड गृहस्थ, अंगावर जाड कपडे, पायांत अवजड बूट, पाठीवर सामान अशा थाटात तिच्यावर बसतो. गाडीची मागची बाजू खाली बसते व नाक वर उचलले जाते. स्कीवरचा भार घटल्यामुळे दांडा वळवला तरी गाडी सरळच जाऊ पाहते. गोठलेल्या तळ्यावर किंवा झाडीतल्या वाटेवर याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. रात्री दिव्याचा झोत वाटेवर न पडता झाडांच्या शेंड्यांवर पडतो. शिवाय खड्ड्यात गाडी आदळताच उरलीसुरली हालचाल संपून धक्का थेट पाठीच्या कण्यात जातो. लोक यावरून स्वाराच्या वजनाची थट्टा करतात. आम्हांस ती थट्टा अडाणीपणाची वाटते. शिंपी अंगाप्रमाणे अंगरखा बेततो, अंगाला दोष देत नाही.

आता थोडे गणित. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली एक नियम अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला व १६७८ साली तो उकलून सांगितला. स्प्रिंग जेवढी ताणावी किंवा दाबावी, तेवढ्या प्रमाणात तिचे प्रतिबळ वाढते, हा तो नियम. फळ्यावर मांडण्यासाठी सोपे आकडे घेऊ. खऱ्या गाडीत भुजांच्या तरफेमुळे हिशेब अधिक गुंतागुंतीचा असतो.

समजा, स्प्रिंग दर १० किलोग्रॅम भाराला १ सेंटिमीटर दबते. गाडीचा स्वतःचा ४० किलोग्रॅम भार तिच्यावर आहे व पूर्वताण ३० किलोग्रॅमचा आहे. म्हणजे रिकामी गाडी १ सेंटिमीटर बसेल. ७० किलोग्रॅमचा स्वार बसला की एकूण भार ११०; त्यातून ३० वजा जाता ८० उरतात, म्हणून गाडी ८ सेंटिमीटर बसेल. तेथे १०० किलोग्रॅमचा स्वार बसला तर ती ११ सेंटिमीटर बसेल. तिला पुन्हा ८ वर आणण्यासाठी पूर्वताण ६० करावा लागेल.

येथपर्यंत सगळे सरळ दिसते. पण स्वार उतरला की काय होते पाहा. रिकाम्या गाडीचा भार ४० आणि पूर्वताण ६०. स्प्रिंग मुळीच दबत नाही. गाडी वरच्या टोकाला ताठ उभी राहते आणि खळगा आला असता रुळांना खाली झुकून हिमाचा माग घेण्यास जागा उरत नाही. पूर्वताणाने स्प्रिंग कडक होत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पुढच्या प्रत्येक १० किलोग्रॅमला ती पूर्वीसारखी १ सेंटिमीटरच दबते. अशा वेळी स्प्रिंगच बदलणे योग्य. १५ किलोग्रॅमला १ सेंटिमीटर दबणारी घेतली, तर जड स्वारासाठी २० किलोग्रॅमचा पूर्वताण पुरतो. गाडी ८ सेंटिमीटरच बसते आणि रिकामी असता सुमारे १.३ सेंटिमीटर. किती गंमत आहे पाहा, कडक स्प्रिंगेला पूर्वताण उलट कमी लागला!

प्रत्यक्ष काम दोघांनी मिळून करावे. इंजिन बंद करून गाडी सपाट व टणक जागेवर ठेवावी. मागची बाजू उचलून सस्पेन्शन पूर्ण उघडले की मागच्या दांड्याची जमिनीपासून उंची मोजावी. मग स्वाराने प्रवासाचा सर्व पोशाख चढवून, नेहमीचे सामान घेऊन बसावे व दोनचार हिसके द्यावेत. सोबत्याने पुन्हा उंची मोजावी. दोहोंतील अंतर हे बसण्याचे माप. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. ठोकळमानाने एकूण हालचालीचा चौथा ते तिसरा हिस्सा चालतो. माप अधिक आले तर कॅम एकेक पायरीने वाढवावा, दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्यात आणि पुन्हा मोजावे. स्प्रिंगेत बरेच बळ साठलेले असते, म्हणून पाना पक्का बसवावा व बोटे दूर ठेवावीत. शेवटच्या पायरीवरही माप अधिकच येत असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे कडक स्प्रिंग आणावी. तिच्यासाठी शॉकअपमधील तेलाचा परतीचा रोधही थोडा वाढवावा लागतो, नाहीतर गाडी उसळते.

मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपखालील पायऱ्यांचे कडे याच जातीचे. गोव्यातल्या एखाद्या पायलटाला विचारा. मागे भरभक्कम उतारू बसला की हँडल हलके का होते, हे तो चटकन सांगेल.

मधल्या स्प्रिंगेच्या बाबतीत मात्र घाई करू नये. मागची ताणली, तशी हीही ताणू, असे सहज मनात येते. परंतु ती पुढच्या भुजेपाशी असल्यामुळे तिचा ताण वाढवताच गाडीचे नाक अधिक उचलले जाते आणि जे सुधारावयाचे तेच बिघडते. मागचे माप नीट जुळूनही स्की हलक्याच वाटल्या, तर पुढच्या भुजेची हालचाल आवरणारी वादी एका भोकाने आखडावी. स्कीवर भार येतो. फार आखडली तर दांडा जड होतो आणि खोल हिमात पट्ट्याची पकड कमी पडते. वादी हलवल्यावर फिरत्या पट्ट्याचा ताण पुन्हा तपासावा.

कोणत्या स्वारासाठी कॅम कोणत्या पायरीवर होता, हे वहीत टिपून ठेवावे. घरातील गाडी उद्या धाकटी बहीण नेणार असेल, तर तिचे अंग हलके. वडील भावासाठी चढवलेली पायरी तशीच राहिली, तर तिला प्रत्येक उंचवट्यावर आसनावरून उडावे लागेल.