निरोप न घेता गेलेली मैत्रीण

श्रीरामपूर तालुक्यात अशोकनगरच्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, की बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. कोप्यांमधली काही मुलं जवळच्या शाळेत बसतात. पुढे पट्टा पडतो, टोळी निघते आणि सकाळी बाकावरची जागा रिकामी! मागे राहिलेली मुलगी विचारते, "माझं काही चुकलं का?" खरं दुखणं हेच. अमेरिकेतल्या कुटुंब-समुपदेशक पॉलिन बॉस अशा दुःखाला संदिग्ध म्हणतात: माणूस आहे, पण भेटत नाही, म्हणून रडूनही मोकळं होता येत नाही. तेव्हा "दुसरी मिळेल गं" असं म्हणू नका. ती का गेली ते नीट सांगा. शक्य तर पट्टा पडायच्या आठवडाभर आधीच वर्गात निरोप होऊ द्या, एकमेकींच्या वहीत गावाचं नाव लिहून घ्या. (मुकादमाला विचारलं तर तो सांगतो.)